अख्खी बत्तीशी परत बसवताना : खानदेशातला अनुभव धागा

धाग्याची मांडणी (जळगाव)

आपल्याकडे साठीच्या आत तोंड रिकामं झालेली माणसं गावोगाव दिसतात. तंबाखू, मिश्री, दुखेपर्यंत कोणाला न दाखवलेले दात, आणि दुखलं की सरसकट काढून टाकायची घाई. पुढचा प्रश्न मात्र नीट कोणी समजावत नाही. सगळे दात गेले, किंवा जे आहेत ते कामाचे राहिले नाहीत, तर पूर्ण संच परत कसा बसवायचा?

ज्यांच्या हाताखालून कवळ्या, इम्प्लांट, कॅप जातात किंवा जे घरात हे रोज सांभाळतात, त्यांनीच इथे लिहावं ही विनंती. किस्से नकोत. काम कसं होतं, किती वेळ लागतो, कुठे आणि का बिघडतं, एवढं लिहा. डॉक्टर, दवाखाना, लॅब यांची नावं टाळा.

कृत्रिम दंतशास्त्राच्या डॉक्टर, जळगाव

पहिलं सांगणं दात काढण्याआधीचं आहे. खालचे दोन सुळे हलत नसतील तर ते वाचवा. त्यांची रूट कॅनल करून हिरडीच्या वर एक-दोन मिलिमीटर ठेवून घुमटासारखे गोल करता येतात, आणि कवळी त्यांच्यावर बसते. मूळ जागेवर असेपर्यंत तिथलं हाड टिकतं. सगळे दात गेल्यावर खालचं हाड वरच्यापेक्षा साधारण चौपट वेगाने झिजतं, आणि बसायला जागाही त्याच कवळीला कमी असते. वरची कवळी सुमारे २४ चौरस सेंटिमीटरवर टेकते, खालची १४ वर. त्यात जीभ सतत हलणारी. म्हणून 'वरची छान बसली, खालची उचलते' ही तक्रार जवळपास प्रत्येकाची असते. ठेवलेल्या सुळ्यांना मात्र रोज ब्रश आणि फ्लोराइड लागतं. नाही तर वर्षा-दोन वर्षांत मूळच किडतं.

दात काढल्यावर निदान सहा ते आठ आठवडे थांबून माप घ्यावं. तीन महिने थांबता आलं तर उत्तम. लग्नकार्य आहे म्हणून लगेच कवळी हवी असेल तर ती तात्पुरती समजा. पहिल्या सहा महिन्यांत हिरडी इतकी बसते की आतून नवीन थर भरावाच लागतो, त्याला आम्ही रिलाइन म्हणतो.

चांगली कवळी साधारण पाच भेटींत होते.

पहिल्या भेटीत प्राथमिक माप. दुसऱ्या भेटीत खरं माप. त्यासाठी रुग्णाच्या पहिल्या साच्यावर स्वतंत्र ट्रे बनवलेला असतो. ट्रेच्या कडेला हिरवी कांडी वितळवून लावतात आणि ओठ-गाल ओढत, जीभ बाहेर काढायला लावत, कडा थोडी थोडी घडवत जातात. मग आत झिंक ऑक्साइड युजेनॉलची पेस्ट किंवा पातळ सिलिकॉन भरून शेवटचं माप. ओल्या काचेवर दुसरी काच ठेवली की ती सरकते पण सुटत नाही, वरची कवळी तशीच धरून राहते. मध्ये लाळेचा पातळ थर आणि कडेने कुठूनही हवा न शिरणं, हे दोन्ही हवं. कडा एका जागी जरी तोकडी पडली तरी पकड जाते. टाळूच्या मागच्या टोकाला, 'आ' म्हणताना मऊ टाळू जिथून हलायला लागते त्या रेषेवर, साच्यात एक ते दीड मिलिमीटर खरवडून घ्यावं लागतं. हे राहिलं की तोंड मोठं उघडताच वरची कवळी खाली येते.

तिसरी भेट चाव्याच्या नोंदीची. कवळीचं नशीब इथे ठरतं. मेणाच्या कडा तोंडात बसवून जबड्यांमधली उंची ठरवतात. नाकाच्या शेंड्यावर आणि हनुवटीवर ठिपका द्यायचा, रुग्णाला 'म' म्हणायला लावून ओठ सैल सोडायला सांगायचं आणि अंतर मोजायचं. मग मेणावर मेण टेकवून पुन्हा मोजायचं. दुसरं अंतर पहिल्यापेक्षा दोन ते चार मिलिमीटर कमी हवं. ही मोकळी जागा उरली नाही तर बोलताना दात खटखटतात, गालाचे स्नायू दुखतात, हिरडी सगळीकडून सोलते. जास्त उरली तर हनुवटी नाकाकडे जाते, चेहरा म्हातारा दिसतो, ओठांचे कोपरे सतत ओले राहून चिरतात. जबडा मागे योग्य जागी बसावा म्हणून जिभेचं टोक टाळूच्या मागच्या भागाला लावून हळूच मिटायला सांगते. नुसतं 'चावा' म्हटलं की पुष्कळ जण खालचा जबडा पुढे आणतात, आणि सगळी कवळी त्या चुकीच्या जागेवर बनते.

चौथ्या भेटीत मेणावर लावलेले दात तोंडात बघायचे. घरातलं कोणीतरी सोबत हवंच. दातांचा रंग उजेडात, खिडकीजवळ बघा. ओठ सैल असताना वरचे दात एक-दोन मिलिमीटर दिसावेत. या भेटीपर्यंत सगळं बदलता येतं, कवळीचं प्लास्टिक म्हणजे अ‍ॅक्रिलिक भरल्यावर येत नाही. म्हणून इथे घाईने 'चालेल' म्हणू नका. आणि हो, बत्तीशी म्हटलं तरी कवळीत सहसा अठ्ठावीसच दात असतात. अक्कलदाढांच्या जागी दात लावले तर उतारावरून कवळी पुढे घसरते.

पाचवी भेट कवळी देण्याची. त्यानंतर दुसऱ्या दिवशी, तीन दिवसांनी आणि आठवड्याने टोचणाऱ्या जागा घासायला यावंच लागतं. येताना किमान काही तास कवळी घालून या. दुखतं म्हणून काढून ठेवलीत तर लाल डाग मावळतो आणि कुठे घासायचं ते कळत नाही. घरी ब्लेडने किंवा कानशीने घासू नका.

दंत तंत्रज्ञ, भुसावळ

वरच्या डॉक्टरांनी सगळं लिहिलं, पण ऊन राहिलं. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि या कामातला जवळजवळ प्रत्येक पदार्थ उष्णतेने वागणूक बदलतो.

अल्जिनेटचं (माप घ्यायच्या पावडरीचं) पाणी १८ ते २४ अंशांचं हवं. टाकीचं पाणी दुपारी हात भाजेल इतकं तापलेलं असतं, त्यात पावडर कालवली की ट्रे तोंडात जायच्या आत माल घट्ट होतो. माठाचं पाणी किंवा फ्रिजमधलं पाणी मिसळून घ्या. ट्रे आणि हिरडीमध्ये निदान तीन मिलिमीटर जाडी राहू द्या. बाहेर काढताना हळूहळू हलवत नाही, एका झटक्यात. धुऊन, जंतुनाशक फवारून पंधरा मिनिटांत प्लास्टर ओतलं पाहिजे. उघडं राहिलं तर अल्जिनेट पाणी सोडून आकसतं. ओल्या फडक्यात फार वेळ गुंडाळलं तर पाणी पिऊन फुगतं.

मेणाच्या कडांचं तर विचारूच नका. दवाखान्यातून लॅबकडे एसटीच्या पार्सलने खोकं येतं, टपावर तापतं, आणि चाव्याची नोंद दोन मिलिमीटर इकडे-तिकडे होते. ती आम्हाला दिसत नाही. आम्ही त्याच नोंदीवर दात लावतो आणि रुग्णाच्या तोंडात एकाच बाजूला टेकतात. उपाय सोपे आहेत. उन्हाळ्यात कडक प्रकारचं मॉडेलिंग मेण वापरा. मेण नेहमी साच्यावर बसवूनच पाठवा, सुटं नको. थर्मोकोलच्या डब्यात बर्फाची पिशवी, आणि ती मेणाला टेकू देऊ नका. शक्यतो सकाळची गाडी.

साच्याचं प्रमाण. डेंटल स्टोनला (कडक प्लास्टर) १०० ग्रॅममागे २८ ते ३० मिलिलिटर पाणी, साध्या प्लास्टरला ४५ ते ५०. अंदाजाने घातलेलं जास्तीचं पाणी म्हणजे कमजोर, फुसका साचा.

आता अ‍ॅक्रिलिक. पावडर आणि द्रव (मोनोमर) आकारमानाने तीनास एक. भांडं झाकून ठेवायचं. आधी ओल्या वाळूसारखं, मग तार धरणारं, मग कणकेसारखं. भांड्याच्या कडेला चिकटेनासं झालं की तेव्हाच फ्लास्कमध्ये, म्हणजे साच्याच्या धातूच्या डब्यात, भरायचं. उन्हाळ्यात ही अवस्था लवकर येते आणि लवकर जाते, म्हणून फ्लास्क, सेलोफेन, प्रेस सगळं आधी मांडून ठेवा. लवकर भरलं तर पोकळ्या राहतात. रबरासारखं झाल्यावर भरलं तर दात जागेवरून सरकतात आणि चावा उंच होतो. सेलोफेन ठेवून दोन-तीनदा दाबून जादा माल कापायचा, मग शेवटचं बंद.

शिजवायच्या दोन पद्धती आहेत. एक, ७४ अंशांवर आठ तास किंवा अधिक. दुसरी, ७४ वर दोन तास आणि मग १०० वर एक तास. थेट उकळत्या पाण्यात टाकायचं नाही. मोनोमर १००.८ अंशांना उकळतो, आणि आत जाड भागात प्रक्रियेची स्वतःचीच उष्णता वाढते. मोनोमर तिथेच उकळला की कवळीत बारीक छिद्रं पडतात. ती बाहेरून दिसत नाहीत, पण कवळी वास धरते आणि तिथेच तुटते. शिजल्यावर फ्लास्क अर्धा तास हवेत, मग पंधरा मिनिटं गार पाण्यात. गरम असताना उघडला की कवळी वाकते.

द्यायच्या आधी एक दिवस पाण्यात ठेवावी, उरलेला मोनोमर बराचसा निघून जातो. नवीन कवळीने तोंडात आग होते त्यातल्या काही तक्रारी या एका कामाने टळतात.

'दोन दिवसांत कवळी' अशा पाट्या दिसतात. कोणत्या पायऱ्या गाळल्या ते विचारा. बहुतेक वेळा स्वतंत्र ट्रे आणि मेणावरची चाचणी गाळलेली असते.

दंतवैद्य, अमळनेर

बोलण्याची चाचणी मेणाच्या भेटीतच करावी. एकसष्टपासून एकोणसत्तरपर्यंत आकडे म्हणायला लावावेत. 'स' म्हणताना वरचे आणि खालचे दात जवळ येतात पण टेकत नाहीत, मध्ये एक-दोन मिलिमीटर राहतात. टेकले तर उंची जास्त आहे. शीळ ऐकू आली तर पुढच्या दातांमागची टाळू अरुंद किंवा दात चुकीच्या कोनात. 'दादा, दूध, थंड' हे शब्दही म्हणायला लावा. त-द ला जीभ पुढच्या दातांच्या मागे टेकते. पुढचे दात फार आत लावले असतील किंवा तिथली जाडी जास्त असेल तर 'द' चा 'ड' ऐकू येतो. 'व' ला वरच्या दातांची कड खालच्या ओठाला अलगद लागली पाहिजे.

पहिल्या आठवड्यात लाळ जास्त सुटते आणि जीभ अडखळते, त्याला घाबरू नका. मोठ्याने पेपर वाचा, पोथी वाचा. हरिपाठ येत असेल तर तोच म्हणा.

वर्ष-दोन वर्षांनी 'कवळी ढिली व्हई गई' म्हणत लोक येतात. कवळी तीच असते, खालचं हाड कमी झालेलं असतं. चिकटवायची पेस्ट लावून ढकलत राहू नका. सैल कवळी हाड आणखी खाते. पेस्ट वापरायचीच असेल तर वाटाण्याएवढ्या दोन-तीन टिपक्या पुरतात. जस्त असलेली पेस्ट महिनोन्‌महिने भरमसाट वापरली तर नसांना इजा होते, म्हणून जस्त नसलेली घ्या.

घरातल्या कवळ्या सांभाळणारी, रावेर

खाण्याचं कोणी नीट सांगत नाही, म्हणून आपल्या ताटाप्रमाणे लिहिते.

पहिले आठ-दहा दिवस वरणभात, मऊ खिचडी, भगर, कुस्करलेलं केळं. कळण्याची भाकरी वरणात किंवा दुधात पूर्ण भिजवून. त्यानंतर पोळीचे छोटे तुकडे, दोन्ही बाजूंना एकेक ठेवून, एकदम चावायचं. एकाच बाजूला घास ठेवला की दुसऱ्या बाजूची कवळी उचलते. खापरावरची पुरणपोळी लवकर जमते, बट्टी उशिरा. बट्टी चुरून तुपात-वरणात भिजू द्या. शेवभाजीतली शेव चांगली भिजल्यावरच वाढा. भरीत मऊ असतं म्हणून पहिल्याच आठवड्यात देतात, पण वांग्याच्या बिया खालच्या कवळीखाली शिरतात आणि काट्यासारख्या टोचतात. तीळ आणि जाडसर शेंगदाण्याचा कूट यांचंही तसंच. कोवळं, बिया कमी असलेलं वांगं घ्यावं आणि कूट एकदम बारीक करावा. पेरू, कणीस, ऊस पुढच्या दातांनी तोडायचा नाही. पुढे जोर पडला की वरची कवळी मागून सुटते. कापून, सोलून, दाढेखाली द्या. भाजलेला हुरडा महिना-दोन महिन्यांनी.

चहा. टाळू झाकलेली असल्यामुळे गरम किती ते कळत नाही आणि घसा पोळतो. पहिला घोट ओठाला लावून बघायची सवय लावा.

साफसफाईसाठी मऊ ब्रश आणि साधा साबण. टूथपेस्ट नको, तिच्यातल्या खरखरीत कणांनी चकाकी जाते आणि मग घाण जास्त धरते. धुताना खाली पाण्याने भरलेलं घमेलं ठेवा, हातातून निसटून फरशीवर पडलेली कवळी हमखास फुटते. गरम पाण्यात टाकायची नाही, वाकते. रात्री काढून साध्या पाण्याच्या झाकणाच्या डब्यात. कागदात गुंडाळून उशाशी ठेवलेली कवळी कचऱ्यात जाते किंवा कुत्रं पळवतं. बोअरच्या जड पाण्याने पांढरा थर धरतो. तो चाकूने खरवडू नका, पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून थोडा वेळ भिजवा आणि ब्रश करा. धातूची कवळी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

कवळी काढल्यावर हिरड्या, टाळू आणि जीभही ओल्या मऊ फडक्याने पुसायची. हे नव्वद टक्के घरांत होत नसावं असं मला वाटतं.

इम्प्लांटचं काम करणारे, धुळे

इम्प्लांट म्हणजे हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. हाड टायटॅनियमला थेट धरतं हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी दाखवलं आणि १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला असे दात बसले. म्हणजे पद्धत नवीन नाही, आपल्याकडे तिची जाहिरात नवीन आहे.

सगळे दात नसलेल्याला प्रत्येक दातामागे एक इम्प्लांट लागत नाही. तीन रस्ते आहेत.

सर्वांत कमी खर्चाचा आणि मला सर्वांत पटणारा म्हणजे खालच्या जबड्यात पुढे, सुळ्यांच्या जागी दोन इम्प्लांट आणि त्यांवर बटणासारखी बसणारी काढता येणारी कवळी. २००२ मध्ये मॅकगिल विद्यापीठातल्या तज्ज्ञांच्या परिषदेने बिनदातांच्या खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय मानावा असं म्हटलं. वरची कवळी साधी ठेवली तरी चालते. बटणाच्या आतली नायलॉनची टोपी किंवा रबरी रिंग झिजते, ती बदलायचा खर्च आधीच विचारून ठेवा. दोन्ही इम्प्लांट समांतर नसतील तर ती फार लवकर झिजते.

दुसरा, चार इम्प्लांटवर पक्का बसवलेला पूर्ण संच. मागचे दोन तिरके, तीस ते पंचेचाळीस अंशांत घालतात, म्हणजे खालच्या जबड्यातली नस आणि वरची सायनसची पोकळी टाळता येते. तिसरा, सहा किंवा अधिक. वरचं हाड मऊ असतं, तिथे संख्या वाढवलेली बरी.

त्याच दिवशी दात देता येतात का? इम्प्लांट हाडात घट्ट, साधारण ३५ न्यूटन-सेंटिमीटरच्या वर बसला तर तात्पुरते देता येतात. त्या दातांवर दोन-तीन महिने मऊच खायचं. तेवढा घट्ट बसला नाही तर खाली तीन महिने, वर चार ते सहा महिने झाकून ठेवायचा. घाई करून भार दिला की इम्प्लांट सूक्ष्म हलत राहतो आणि हाडाऐवजी तंतुमय ऊती धरते. मग तो काढावाच लागतो.

आधी सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय) स्कॅन हवा. साध्या ओपीजीत (पूर्ण जबड्याच्या एक्स-रेत) हाडाची उंची कळते, रुंदी कळत नाही. खालच्या नसेपासून दोन मिलिमीटर अंतर राखायचं, इम्प्लांटभोवती चहूबाजूंनी निदान दीड मिलिमीटर हाड हवं, दोन इम्प्लांटमध्ये तीन. ड्रिल करताना हाड ४७ अंशांच्या वर मिनिटभर जरी तापलं तरी मरतं, म्हणून थंड सलाइनचा फवारा आणि धारदार ड्रिल. बोथट ड्रिल पुन्हा पुन्हा वापरणं हे न बसलेल्या इम्प्लांटचं एक न दिसणारं कारण.

एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची चाचणी) सातच्या आत असेल तर चांगलं, आठच्या वर असेल तर साखर आधी आटोक्यात आणावी. रक्त पातळ होण्याची गोळी मनाने बंद करू नका. हाडं ठिसूळ होण्यावर वर्षाचं इंजेक्शन किंवा आठवड्याची गोळी चालू असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा. या औषधांनी जबड्याचं हाड भरून येत नाही असं होऊ शकतं.

आणखी एक. इम्प्लांटच्या पाकिटावर कंपनी, व्यास, लांबी, लॉट क्रमांक असं स्टिकर असतं. ते कार्डावर चिकटवून घ्या आणि जपून ठेवा. पाच वर्षांनी सुरतेला किंवा पुण्याला मुलाकडे राहायला गेलात आणि स्क्रू सैल झाला, तर तिथल्या डॉक्टरला कोणता पाना लावायचा ते त्यावरूनच कळतं.

विचारणा, एरंडोल

पक्क्या संचाची सफाई कशी करायची? खाली ब्रश जात नाही.

इम्प्लांटचं काम करणारे, धुळे

म्हणूनच तो संच बनवताना खालचा भाग फुगीर ठेवायचा, खोबणीसारखा नाही, आणि ब्रश जाईल एवढी फट हवी. रोज पाण्याचा झोत मारणारं यंत्र, दातांमधला बारीक ब्रश, आणि जाड स्पंजी फ्लॉस खालून ओवून. सहा महिन्यांनी तपासणी. हिरडीतून रक्त किंवा पू येत असेल तर दुखायची वाट बघू नका. इम्प्लांटला दातासारखी संवेदना नाही, दुखेपर्यंत हाड पुष्कळ गेलेलं असतं. ज्यांची बोटं वळत नाहीत अशा आजी-आजोबांना मी म्हणून काढता येणारी बटणाची कवळीच सुचवतो.

मुखरोग पाहणाऱ्या डॉक्टर, नंदुरबार

माप घ्यायच्या आधी तोंड किती उघडतं ते मोजा. स्वतःची तीन बोटं उभी आत गेली पाहिजेत, म्हणजे साधारण ३५ ते ४५ मिलिमीटर. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी सुपारी-तंबाखूने गाल आखडलेली तोंडं रोज येतात. २० मिलिमीटर उघडणाऱ्या तोंडात नेहमीचा ट्रे जातच नाही. दोन भागांत माप घेऊन बाहेर जुळवावं लागतं, कवळीही कधी दोन तुकड्यांची करावी लागते. मागे इम्प्लांटचं ड्रिल बसवायलाही जागा नसते. सुपारी बंद, तोंड उघडण्याचे व्यायाम, औषध हे आधी. दात नंतर.

आखडलेल्या तोंडात कवळीची कड थोडी जरी घासली तरी जखम होते. कड घासून दिल्यावर दोन आठवड्यांत जखम भरली नाही तर जखमेचा तुकडा तपासायला पाठवा. 'कवळी लागत असेल' म्हणून महिनोन्‌महिने थांबू नका. तोंडाच्या कर्करोगाला किरणोपचार ठरला असेल तर काढायचे दात तो सुरू व्हायच्या निदान दोन आठवडे आधी काढून घ्या. नंतर काढले तर हाड सडण्याचा धोका राहतो, खालच्या जबड्यात जास्त.

बाजारात बसून त्याच दिवशी दात 'पक्के' करून देणाऱ्यांबद्दलही लिहिते. शेजारच्या दाताला तार गुंडाळून तोंडातच थंड, म्हणजे न शिजवता घट्ट होणारं, अ‍ॅक्रिलिक ओततात. ते निघत नाही, खाली ब्रश जात नाही, आधाराचे दात किडून जातात. जुन्या वरच्या कवळीत आतून रबराची चकती असेल तर ती लगेच दाखवा. ती चकती टाळू खात जाते, छिद्रही पडतं. दंतवैद्यांच्या नोंदणीचा कायदा १९४८ मध्येच झाला. नोंदणी क्रमांक विचारणं हा तुमचा हक्क आहे.

दंतवैद्य, चाळीसगाव

वर सगळं बिनदातांच्या तोंडाबद्दल आलं. दात आहेत पण झिजून निम्मे उरलेत, अशांचंही पूर्ण तोंड बांधावं लागतं. अठ्ठावीस दातांना एकदम तासून कॅप लावणं म्हणजे हे काम नव्हे.

क्रम असा. आधी साचे, चाव्याची नोंद, मेणाने साच्यावर नवीन दात घडवणं. मग वाढवलेली उंची काढता येणाऱ्या प्लेटवर किंवा तात्पुरत्या दातांवर काही आठवडे, निदान चार ते सहा, घालून बघणं. कानापुढचा सांधा दुखला, डोकं जड राहिलं तर उंची कमी करायची. सोसलं तरच पुढे. मग कॅप, आधी पुढच्या दातांना आणि नंतर दाढांना. एका वेळी सगळे दात तासले तर जबडा कुठे टेकायचा याची खूणच हरवते.

ज्या दातावर कॅप जाणार त्याचा हिरडीवर चहूबाजूंनी दोन मिलिमीटर तरी खरा दात हवा. नुसत्या मुळात खिळा घालून वर कॅप चढवली तर ती मुळासकट फुटते. खिळ्याच्या खाली मुळाच्या टोकाला चार-पाच मिलिमीटर रूट कॅनलचं भरण शिल्लक ठेवावं. सिरॅमिक चढवलेल्या धातूच्या कॅपला चावण्याच्या बाजूने दीड ते दोन मिलिमीटर तासावं लागतं, झिर्कोनियाला थोडं कमी. रात्री दात खाणाऱ्यांना सगळं झाल्यावर नाइट गार्ड (रात्री दातांवर घालायची प्लेट) लागतोच, नाही तर सिरॅमिकचे टवके उडतात.

खर्चाचा ताण असेल तर धुळ्यात अण्णासाहेब चुडामण पाटील स्मारक दंत महाविद्यालय आहे, छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. विद्यार्थी काम करतात, शिक्षक तपासतात. फेऱ्या जास्त होतात, पण पायऱ्या सहसा गाळल्या जात नाहीत.

दंत तंत्रज्ञ, भुसावळ

तुटलेल्या कवळीबद्दल राहिलं. झटपट चिकटवायचा गोंद लावू नका. कडा नीट जुळत नाहीत, गोंदाचा थर मध्ये राहतो, आणि मग आम्हालाही तुकडे परत बरोबर जुळवता येत नाहीत. सगळे तुकडे, अगदी निसटलेला दातसुद्धा, पाण्याच्या डब्यात घालून आणा.

आम्ही तुकडे मेणाने जोडून मागून प्लास्टर ओततो, मग तुटलेल्या कडा दोन-तीन मिलिमीटर रुंद करून तिरप्या घासतो, त्यांना मोनोमर लावतो आणि थंड अ‍ॅक्रिलिक भरून दाबाखाली घट्ट करतो. दुरुस्ती मूळ कवळीइतकी मजबूत होत नाही.

वरची कवळी बरोबर मधोमध पुन्हा पुन्हा तुटत असेल तर कवळीला दोष देऊ नका. बाजूचं हाड खाली बसलेलं असतं, मधली कडक टाळू तशीच असते, आणि प्रत्येक घासाला कवळी तिच्यावर वाकते. जोडून उपयोग नाही, रिलाइन किंवा नवीन कवळी हवी.

परिचारिका, पाचोरा

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कवळी हा वेगळाच विषय आहे. पक्षाघात झालेल्याच्या एका गालात अन्न साठून राहतं आणि त्याला कळत नाही. प्रत्येक जेवणानंतर कवळी काढून धुवायची, गालात बोटाने बघायचं. काढताना वरची मागच्या बाजूने अंगठ्याने खाली ओढून हवा आत घ्यायची, पुढून ओढत बसू नका. गिळताना ठसका लागत असेल तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कवळी घालून भरवू नका. सैल छोटी कवळी गिळली जाऊ शकते. रात्री कवळी तोंडात ठेवून झोपणाऱ्या म्हाताऱ्यांमध्ये न्यूमोनियाही जास्त दिसतो.

टाळू लाल, मखमली दिसली तर ती सहसा बुरशी असते. तोंडाला औषध दिलं आणि कवळी तशीच ठेवली तर आठ दिवसांत परत येते, कारण बुरशी कवळीच्या बारीक छिद्रांत राहते. कवळीही औषधाच्या द्रावणात भिजवायची. धातू नसलेल्या कवळीला पातळ केलेलं हायपोक्लोराइट (ब्लीच) चालतं, पण दहा मिनिटांपेक्षा जास्त नाही, आणि नंतर भरपूर पाण्याने धुवायचं.

दवाखान्यात भरती करताना कवळीचा डबा सोबत द्या आणि डब्यावर नाव लिहा. कवळीवरही लिहून घेता येतं. लॅबमध्ये कवळी बनतानाच आतल्या बाजूला नावाची चिठ्ठी पारदर्शक अ‍ॅक्रिलिकखाली बसवतात. ऑपरेशनला नेताना कवळी काढायला लावतात, तेव्हा ती नातेवाइकाच्या हातात द्यायची. चादरीवर ठेवली तर चादरीबरोबर धुलाईला जाते.